एक फूट चित्र

राधानगरीच्या लक्ष्मी तलावाची पातळी ३४७.५० फुटांवर गेली, म्हणजे तलाव काठोकाठ भरला, की कोणाचा हुकूम न होता आणि कोणाचा हात न लागता केवळ पाण्याच्या दाबाने धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी एकेक वर उचलला जाऊ लागतो. आणि त्या वेळी फेजिवड्याच्या बाजूला उभे राहून भोगावतीचा तो गंभीर घोष ज्याने एकदा ऐकला, त्याला वर्षाऋतूचा दुसरा कोणताही नाद पुरेसा वाटत नाही. यंदा मी तिथे उभा असता शेजारच्या छत्रीतला एक तरुण मोबाइलवर कोणाला तरी सांगत होता, “सहा नंबरचा दरवाजा उघडलाय. थांब, फुटेज पाठवतो.”

तो शब्द माझ्या मनात रुतून बसला. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात पावसाळा फुटांनीच मोजतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे पोरासोरांनाही मुखोद्गत असते, आणि त्या दिवसांत सकाळी भेटणारा माणूस प्रकृतीची चौकशी करण्याआधी “किती फूट झालं?” असे विचारतो. पाणी फुटांत मोजावे हे ठीक. पण चित्र फुटांत कसे मोजावे? तरी ‘फुटेज’ या शब्दाचा अर्थ मुळात तेवढाच आहे: फुटांत भरणारी लांबी. चित्रे जेव्हा फितीवर उमटत, तेव्हा ती फीत फुटांवर विकत घेतली जाई, फुटांवर कापली जाई आणि चित्रपटाच्या आरंभी झळकणाऱ्या सेन्सॉरच्या दाखल्यावरही रिळांच्या संख्येबरोबर तिची लांबी नोंदलेली असे. ‘चित्रपट’ हा आपला शब्द मला अधिक प्रिय आहे खरा. परंतु पट म्हणजे वस्त्र, आणि वस्त्र तरी गजावाचून कधी कोणी घेतले आहे?

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली, कॅमेरा स्वतः खपून घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. त्या मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचे हँडल हाताने फिरवीत. सेकंदाला साधारण सोळा चित्रे, आणि एका फुटात चित्रे मावत तीही सोळाच. म्हणजे फिरवणाऱ्याच्या मनगटातून दर सेकंदाला एक फूट काळ सरकत असे. काळाला असे माप कोणत्याही मोजणी खात्याने लावले नसेल.

इंग्रजीतला हा ‘फूट’ आणि संस्कृतातला ‘पाद’ एकाच मूळ धातूचे वंशज. पाय त्याचाच, पावशेरातला पाव त्याचाच. नाटकातले पदही याच कुळातले. परदेशाहून आलेला पाहुणा म्हणून ज्याला दारात उभे करावे, तो दूरचा का होईना, सगोत्र निघावा, याचा मला मनापासून आनंद होतो.

मी सहावीत असताना आमच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येई आणि माझे एक मामा त्या तंबूत ऑपरेटर होते. कनातीच्या मागे, यंत्राच्या तापलेल्या वासात, त्यांच्या पायाशी बसून पाहण्याची परवानगी मला होती. पडद्यापेक्षा मला तो भुरकट किरण अधिक आवडे, ज्यात धूळ आणि विड्यांचा धूर मंद गतीने फिरत असे. जुनी, अनेक गावे फिरलेली ती फीत रात्रीतून दोन-तीनदा तरी तुटे. प्रेक्षकांतून शिट्ट्या उठत, आणि मामा मुळीच न गडबडता फाटका भाग कातरून, दोन्ही टोके खरवडून, फीत जोडायचे सिमेंट लावून अंगठ्याखाली दाबून धरीत. कातरलेला तुकडा माझा. एका रात्री असा लांब तुकडा मिळाला, तो दुसऱ्या दिवशी मी दप्तरातल्या फूटपट्टीवर ठेवला: बरोबर बारा इंच, कडेला चौकोनी भोके, मध्ये सोळा चित्रे. मामांना दाखवला.

“किती भरला?”

“एक फूट.”

“बोलपटाचा तुकडा आहे; पडद्यावर सेकंदाला दीड फूट पळतंय हे. सबंध खेळाची फीत रस्त्यावर अंथरली तर सव्वा कोस जाईल.”

सव्वा कोस मला ठाऊक होता. रोज शाळेला जाऊन यायला तेवढेच चालणे होई. त्या दिवशी परतताना सारी वाट मी पायाखाली चित्रे अंथरल्यासारखा जपून चाललो.

घरी आल्यावर तुकडा उन्हात धरला. हातात निरांजन घेतलेली एक स्त्री उंबरठा ओलांडते आहे, एवढेच त्यात होते. सोळाही चित्रे प्रथमदर्शनी एकसारखी; फार निरखून पाहिल्यावर ज्योत किंचित डावीकडे कललेली आणि लुगड्याचा काठ घोट्यापासून जरासा वर गेलेला दिसे. पहिल्या चित्रात तिचा पाय उंबऱ्यावर होता. सोळाव्यात तो अंगणाच्या अगदी जवळ, पण अजून अधांतरी होता. भुईला टेकलेला पाय रिळातच राहिला, आणि तंबू तर त्याच दुपारी पुढच्या गावाला निघून गेला होता.