शिंगे निळी

चैत्रातल्या एका संध्याकाळी तलवाड्याच्या बसथांब्यावरून घराकडे येत असता, अर्धवट ओढलेल्या एका दुकानाच्या मागच्या अंगाने थिनरचा उग्र आणि किंचित गोडसर वास आला, आणि जो प्रसंग मी आजवर कोणापाशी बोललो नाही, व बोललो असतो तरी ज्यात सांगण्यासारखे काही आहे असे ऐकणाऱ्याला क्वचितच वाटले असते, तो सबंध माझ्यापुढे उभा राहिला. आमच्या लाल कंधारी बैलाची शिंगे वडील रंगवीत आहेत. मी कंदील धरून उभा आहे. पोळा होऊन गेला आहे, सणवार काही नाही. साल 1972 आहे आणि पहाटे बैलाला बाजाराच्या वाटेला लावायचे आहे. टर्पेंटाइन निराळे आणि थिनर निराळे हे मला ठाऊक आहे, परंतु स्मृतीला तो भेद मान्य नसावा.

दुकान माझ्या चुलतभावाच्या नातवाचे. तो मला आबा म्हणतो. मोबाईल दुरुस्तीवर त्याचे पोट चालते, आणि त्याखेरीज पुण्याहून जुन्या लॅपटॉपचे लॉट आणून, ते नीटनेटके करून, रंगवून, शिकणाऱ्या मुलामुलींना विकणे हा त्याचा दुसरा व्यवसाय आहे. मोठ्या कंपन्या ही यंत्रे तीन-चार वर्षांच्या भाडेकराराने घेतात, मुदत भरली की परत करतात, आणि मग एकाच घडणीची, एकाच काळ्या रंगाची, कोपरे झिजलेली शेकडो यंत्रे दलालांच्या हातून हात बदलत खाली उतरतात. त्यातच 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नियमित देखभाल थांबविली, आणि पुढची आवृत्ती सर्वसाधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या अलीकडील यंत्रांनाच स्वीकारीत असल्यामुळे, आतून धडधाकट असलेली कितीतरी यंत्रे केवळ जन्मसालामुळे भंगारात निघाली. अशा यंत्रांवर हा मुलगा लिनक्स चढवितो. कोणाचे वय पाहून त्याला मोडीत काढावे ही गोष्ट मला सरकारी नोकरीत असल्यापासून खुपत आली आहे, तेव्हा त्याच्या या उद्योगाकडे मी प्रथमपासूनच ममत्वाने पाहिले, हे लपविण्याचे कारण नाही.

त्या संध्याकाळी तो एका लॅपटॉपचे झाकण रंगवीत होता. मी बाजेवर बसून राहिलो. जुन्या झाकणांवर रबरासारखा मऊ हात लागावा म्हणून एक लेप दिलेला असतो. हवेतील दमटपणा वर्षानुवर्षे त्यात मुरला की तो विघटित होऊन चिकट होतो, आणि धूळ, केस, बोटांचे ठसे, जे लागेल ते धरून बसतो. तो लेप स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढावा लागतो. थिनरने पुसले तर खालचे प्लॅस्टिकच विरघळते. मग पाण्यात भिजविलेला सहाशे नंबरचा पॉलिश पेपर, मग प्रायमर, आणि मग रंगाचे पातळ पातळ हात, डबा वीतभर लांब धरून, एकदा डावीकडून उजवीकडे आणि एकदा वरून खाली, असे की कोठेही ओघळ येऊ नये. कॅमेऱ्याचे छिद्र, बिजागऱ्या, हवा जाण्याच्या फटी यांवर त्याने कागदी पट्टी चिकटविली होती. चंदेरी रंग तू का वापरीत नाहीस, असे मी विचारले. तो म्हणाला, "आबा, वायफायची अँटेना पडद्याच्या कडंनं असती. धातूचा रंग बसला की रेंज मार खाती." त्याने घेतलेला रंग गडद मोरपंखी होता, गिऱ्हाईक नर्सिंगला जाणारी एक मुलगी होती आणि रंग तिनेच सांगितला होता.

वडिलांचा रंग निळा होता. शाळेच्या खिडक्यांना लावून उरलेला तो ऑइलपेंट त्यांनी कोणाकडून तरी मागून आणला होता. वैरण संपली होती. माणसे खडी फोडावयास जात होती आणि मिलो ज्वारीची लाल भाकरी खात होती. अशा दिवसांत विकावयाच्या बैलाच्या शिंगांना रंग कशाला, असे आईने विचारलेही. वडील एवढेच म्हणाले, "घरातनं चाललाय त्यो. उघडाबोडका कसा धाडावा?"

येथे मध्येच थोडा इतिहास सांगण्याची परवानगी वाचकांनी द्यावी, कारण गॅरेजमध्ये ज्याला अजून ड्यूको म्हणतात त्या रंगाची हकीकत याच वासाशी निगडित आहे. मोटारींना पूर्वी तैलरंगाचे हात देत आणि ते वाळण्यात आठवडेच्या आठवडे जात. काळ्या रंगाचे राज्य पुष्कळसे या अडचणीमुळेच टिकले होते. 1923 च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँ आणि जनरल मोटर्स या कंपन्यांनी नायट्रोसेल्युलोजचे, थिनरमध्ये पातळ करून फवारता येणारे, झटपट वाळणारे लॅकर पुढे आणले, आणि ओकलंड नावाच्या मोटारी निळ्या रंगात रस्त्यावर आल्या. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र गंगा उलटी वाहिली. इतर संगणक फिकट, हस्तिदंती रंगाचे असण्याच्या काळात, 1992 साली, आयबीएमने आपला थिंकपॅड मुद्दाम काळा केला; रिचर्ड सॅपर या जर्मन रेखनकाराने त्याचा आकार जपानी लोकांच्या बेंटो या काळ्या रोगणाच्या जेवणाच्या डब्यावरून सुचविला होता. तो काळा इतका प्रतिष्ठित ठरला की पुढे कचेरीचा लॅपटॉप म्हणजे काळा, हे जणू ठरूनच गेले. एका माणसाने विचारपूर्वक निवडलेला रंग पुढे कोणीच न निवडलेला रंग व्हावा, हे मला जरा दुःखाचे वाटते.

बैल घेऊन नेकनूरच्या बाजारात आम्ही वाटेत मुक्काम करीत पोहोचलो. गर्दी विकणाऱ्यांचीच होती. बैलांची शिंगे साळून, म्हणजे तासून गुळगुळीत करून, त्यांचे वय दोन-तीन वर्षांनी कमी दाखविण्याची विद्या तेव्हाही होती आणि आताही आहे. वडिलांनी साळले काहीच नव्हते, शिंगावरची वलये निळ्याखालूनही मोजता येत होती. घेणाऱ्याने विचारण्याच्या आत त्यांनी सांगून टाकले की बैल जुळला आहे, म्हणजे पूर्ण वयाचा आहे, दात पाहून घ्या. हेड्याने, म्हणजे जनावरांच्या दलालाने, जबडा उघडून दात पाहिले, रुमालाखाली वडिलांची बोटे दाबली, आणि मग घेणाऱ्याकडे वळून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की रंग लावला आहे त्या अर्थी काहीतरी झाकले आहे. भाव तेथेच पडला. दुष्काळात भाव पडणारच होता, हे मी पुढे हिशेबाने समजून घेतले; परंतु त्या एका वाक्याबद्दल त्या माणसाला मी आजतागायत क्षमा केलेली नाही, आणि करण्याचा माझा इरादाही नाही. ज्याने दात आधी सांगितले त्याच्यावर झाकल्याचा आळ घेणे हे भाव पाडण्याहून निराळे आणि वाईट कृत्य आहे.

वडील काही बोलले नाहीत. पावती करणाऱ्या कारकुनासमोर ते उभे राहिले, आणि जनावराचे वर्णन या रकान्यात त्या कारकुनाने लिहिले: बैल, रंग लाल, दात जुळले, शिंगे निळी. कारकून चेष्टा करीत नव्हता. जे समोर दिसले ते त्याने रुजू केले. पुढे तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून मी आयुष्यातील उत्तम वर्षे घालविली, असंख्य दाखले, पंचनामे आणि फेरफार माझ्या हाताखालून गेले, परंतु त्या दोन शब्दांइतका सरळ मजकूर एखाद्या सरकारी कागदावर मी क्वचित पाहिला असेन.

नातवाच्या धंद्यात दाताची जागा बॅटरीने घेतली आहे. विंडोज असलेल्या यंत्रात एक आज्ञा दिली की बॅटरीचा अहवाल निघतो: घडविताना क्षमता किती होती, आज भरल्यावर किती उरते, किती वेळा भरली गेली. लिनक्स चढविण्यापूर्वी तो हा अहवाल काढून ठेवतो आणि गिऱ्हाइकाच्या हाती देतो. खालच्या बाजूच्या अनुक्रमांकावर त्याने पट्टी लावली होती, म्हणजे तेवढी जागा मूळची काळीच राहणार होती. त्या क्रमांकावरून यंत्राचे साल कोणालाही काढता येते. हे त्याला कोणी शिकविले, हे मी विचारले नाही. 2022 च्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या नियमांत, जे 1 एप्रिल 2023 पासून अमलात आले, नूतनीकरण करणाऱ्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे, हे मात्र मी त्याला सांगितले, आणि विक्रीची पावती छापील न देता वर्णनासह हाताने लिहून देण्याचा आग्रह केला. पहिला मसुदा मीच करून दिला: लॅपटॉप एक, मूळ रंग काळा, हल्ली मोरपंखी, डावे बिजागर बदललेले, बॅटरी निम्मी. त्या मुलीच्या वडिलांनी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला आणि घडी करून मुंडाशात खोवला.

रंगाने झाकते की नटते, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळत असता, तो भलतीकडेच जाऊन पोहोचला. नाशिक जिल्ह्यातील वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर पिढ्यान् पिढ्या शेंदराचे लेप चढत गेले होते. 2022 साली ते कवच उतरविण्यात आले. हजार किलोंहून अधिक शेंदूर निघाला, आणि कड्यात कोरलेले अष्टादशभुजा देवीचे मूळ रूप प्रकट झाले. छायाचित्रे पाहून आमच्या घरात एक विलक्षण शांतता पसरली. मूळ रूप रेखीव आहे, शस्त्रे आणि अलंकार स्पष्ट आहेत, यात शंकाच नाही. परंतु माझ्या पत्नीने लहानपणापासून हात जोडले ते त्या भरल्या, शेंदरी मुखाला, आणि ते मुख घडविणारा हात कोणा एका शिल्पकाराचा नव्हता, तर शेंदूर वाहणाऱ्या असंख्य माणसांचा होता. "आधी होती ती काय खोटी होती?" असे तिने मला विचारले. मी उत्तर देऊ शकलो नाही. आमच्या त्वरिता देवीच्या देवळाकडे जाताना वाटेत तिने तेच पुन्हा विचारले, आणि तेव्हाही मला काही सुचले नाही.

आमच्या देवघरात आता वणीच्या दोन तसबिरी आहेत, जुनी आणि नवी, आणि दोन्हींना हळदकुंकू वाहिले जाते. नवीची चौकट करावयास दिली तेव्हा कोणता रंग देऊ असे सुताराने विचारले. सागाला रंग नको, नुसते जवसाचे तेल पाज, असे मी सांगितले. पत्नीने शेंदरी म्हणून सांगितले, आणि चौकट शेंदरी झाली.