देहरादूनच्या फाटकापाशी

दिल्लीला जाणारे आपले बांधव संसद भवनासमोर फोटो काढतात, २६ अलीपूर रोडच्या स्मारकावर माथा टेकवतात आणि परत फिरतात. आमच्या वस्तीतल्या सात जणांनीही तेच केले. फक्त आमचे तिकीट त्यापुढचे, देहरादूनचे होते. "मसुरी बघायला का?" असे शेजाऱ्यांनी निघतानाच विचारले होते. आम्ही म्हणालो, "नाही, संविधान छापले ते गाव बघायला."

संविधानाची मूळ इंग्रजी प्रत छापलेली नाही, हाताने लिहिलेली आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी ती टाकाने लिहिली. त्यांनी मेहनताना घेतला नाही, प्रत्येक पानावर आपले नाव असावे एवढेच मागितले, असे सांगतात. पाने नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या कलावंतांनी सजवली. हिंदी प्रत लिहिली ती वसंत कृष्ण वैद्य यांनी, तीही आपल्या पुण्यात तयार झालेल्या हातकागदावर. २४ जानेवारी १९५० रोजी २८४ सभासदांनी संविधानावर सह्या केल्या.

पण अशा हस्तलिखिताच्या हजार प्रती काढायच्या कशा? खिळे जुळवून ते अक्षर आणि ती चित्रे उतरणार नव्हती. तेव्हा हे काम देहरादूनच्या सर्व्हे ऑफ इंडियाकडे गेले. १७६७ साली सुरू झालेले हे खाते देशाचे नकाशे तयार करते. नकाशातली बारीक रेघ न् रेघ छापायची सवय असलेल्या या कामगारांनी पानांचे फोटो घेऊन, ते पत्र्यावर उतरवून, पहिल्या एक हजार प्रती छापल्या.

हाथीबडकला भागात या खात्याचे मोठे आवार आहे. आम्ही आधी परवानगी काढली नव्हती, म्हणून फाटकाबाहेरच उभे राहिलो. आमच्यातले एक काका छापखान्यात जुळारी म्हणून तीस वर्षे राबलेले. त्यांनी चप्पल काढली आणि फाटकाला हात जोडले. पहारेकरी चकित झाला.

"ती मशीन आत आहे का?" काकांनी आम्हाला विचारले. ज्या यंत्रांवर ती छपाई झाली, ती अलीकडे भंगारात निघाल्याचे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. तसे सांगितले. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मशीन जाऊ दे. चालवणारे कोण होते? त्यांचं नाव कुठं आहे?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. पण आम्ही पडलो कारकून, वीस वर्षे दुसऱ्यांच्या सहीसाठी कागद तयार करणारे. आम्हाला २५ नोव्हेंबर १९४९ चे बाबासाहेबांचे घटना समितीतले भाषण आठवले. त्यातला राजकीय आणि सामाजिक लोकशाहीचा इशारा आपण दरवर्षी ऐकतो. त्याच भाषणात बाबासाहेबांनी श्रेय एकट्याकडे घेतले नाही. बी. एन. राव यांचे नाव घेतले, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे घेतले, आणि मुखर्जींच्या हाताखालचा कर्मचारीवर्ग कधी कधी मध्यरात्रीनंतरही राबत होता, याची आठवण सभागृहाला करून दिली. इतक्या मोठ्या दिवशी त्या महामानवाला रात्रीचे जागरण करणारे कारकून आठवले!

हे ऐकून काका म्हणाले, "मग छापणारेही त्यातच आले असं समजू." आणि त्यांनी पायात चप्पल घातली.

परतीच्या गाडीत आम्ही एक ठरवले. २६ नोव्हेंबरला विहारात उद्देशिकेचे वाचन झाल्यावर भाषणाचा तो भागही वाचायचा. बंधुभगिनींनो, आपण मुलांकडून कलमे पाठ करून घेतो, ते चांगलेच आहे. पण हेही सांगा की, लिहिणाऱ्या, रंगवणाऱ्या, छापणाऱ्या आणि रात्र रात्र जागणाऱ्या हातांनी ते पुस्तक आपल्यापर्यंत पोहोचवले. ज्यांचे हात कामाला लागतात आणि नाव कुठेच लागत नाही, अशी माणसे आपल्या घरोघरी आहेत. त्यांना मान देण्याची शिकवण बाबासाहेबांनी त्याच दिवशी दिली आहे.

जयभीम!