उन्हाळ्यातला नाताळ आणि करंज्यांचा डबा



डिसेंबरात आम्ही दोघं तीन आठवडे मेलबर्नला होतो, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे. "तिकडे जेवणाचं कसं केलंस?", "सूर्यास्त कधी होतो?" असे बरेच जणींचे प्रश्न आले, म्हणून आज सविस्तर लिहिते. शेवटी जे लिहिणार आहे ते मात्र कुणीच विचारलेलं नाही.

आधी ओळख. मैत्रीण मिरजेची. वडील मिशन हॉस्पिटलमध्ये नोकरीला, घर ख्रिस्ती, बोलणं अस्सल मिरजेचं. मी सांगलीची. चिंतामण कॉलेजात बी.कॉम.ला आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. तिचं अकाउंट्स पक्कं आणि माझं अक्षर चांगलं, त्यामुळे गणितं ती सोडवायची आणि दोन्ही वह्यांत मी उतरवायची. पुढे ती लग्न होऊन मुंबईला गेली आणि तिथून ऑस्ट्रेलियाला. फोन मात्र कधी तुटला नाही. यंदा ती म्हणाली, "बाई, आता गुडघे चालतायत तोवर ये." आमच्या ह्यांना मेलबर्नच्या मैदानावरची २६ डिसेंबरची कसोटी एकदा तरी बघायची होती, त्यामुळे त्यांनी माझ्याआधी होकार दिला.

जाणाऱ्यांसाठी सांगते. विमानात एक कार्ड भरायला देतात. खाण्याचं काही सोबत आहे का, या प्रश्नाला सरळ "हो" लिहायचं. मी भाजणी आणि मेतकूट नेलं होतं. अधिकारी बाईंनी पाकिटं उघडून पाहिली आणि जाऊ दिलं. लपवलं तर मात्र जबर दंड बसतो.

आता सूर्यास्ताचं. डिसेंबर म्हणजे तिकडे भर उन्हाळा. सांगलीत तेव्हा सहा वाजून गेले की अंधारतं, आणि तिथे पावणेनऊपर्यंत लख्ख उजेड. सूर्यास्ताआधीच्या दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं सोडली, तरी पावणेआठपर्यंत आरामात जेवता येतं. मी व्रत पाळतेय असं तिथे वाटलंच नाही. उलट मैत्रिणीचे मिस्टर म्हणाले, "तुमच्यामुळे आम्हीही वेळेवर जेवायला लागलो."

गंमत वेगळ्याच ठिकाणी झाली. आपल्यात पिठाची मर्यादा असते ना, हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३. आता डिसेंबर धरायचा तर हिवाळा, आणि खिडकीबाहेर ३९ अंश! मी विचार केला, मर्यादा हवेमुळे आहे, कॅलेंडरमुळे नाही. म्हणून पाच दिवस धरले.

तिथला उन्हाळाही आपल्यासारखा नाही. आपल्याकडे उत्तरेचा वारा म्हणजे थंडी. तिथे उत्तरेकडे वाळवंट, त्यामुळे उत्तरेचा वारा सुटला की भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. अशा दिवशी सरकार उघड्यावर आग पेटवायला बंदी जाहीर करतं. २००९ च्या फेब्रुवारीत पारा ४६.४ अंशांवर गेला होता आणि वणव्यात १७३ माणसं गेली. मैत्रिणीच्या शेजारणीची बहीण तेव्हा घर सोडून पळाली होती. म्हणून बंदीचा दिवस असला की सगळे गंभीर असतात. आणि अशा उन्हात दुकानांत कापसाचा बर्फ, खिडक्यांत लोकरी कपड्यांतला सांताक्लॉज! बाजारात आंब्यांच्या पेट्या आणि चेरीचे ढीग. मला तर आपली मे महिन्याची सुट्टी आणि नाताळ एकाच दिवशी आल्यासारखं वाटत होतं.

चोवीस तारखेला ऊन वाढायच्या आत करंज्या तळायच्या ठरल्या. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला आपल्या दिवाळीसारखाच फराळ असतो, करंज्या, चकल्या, लाडू. मी पहाटे उठून णमोकार म्हणून स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर घरघंटी. ओळखीच्या एका गुजराती बाईंकडून दोन दिवसांसाठी मागून आणली होती. गहू निवडून, दळून, पीठ चाळून तयार. नळाला दुहेरी सुती कापड बांधलेलं. माझी भांडी वेगळ्या फडताळात.

मी म्हटलं, "अगं, एवढं कशाला? मी भाजणीवर भागवलं असतं."

ती खोबरं परतत होती. मागे न बघता म्हणाली, "आईनंही तेव्हा कढई मागूनच आणली होती."

मैत्रिणींनो, हातातली पारी हातातच राहिली.

तेव्हा म्हणजे १९७८ चा नाताळ. आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. ती सांगलीला आमच्या घरी करंज्यांचा डबा घेऊन आली होती. माझ्या आजीनं हसून डबा घेतला, तिला पाणी दिलं, चौकशी केली. ती गेल्यावर डबा उघडलाही नाही, तसाच मागच्या दारी धुणंभांडीवाल्या मावशींच्या पदरात ओतला. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात साखर भरली. मी तिथेच उभी होते. काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात डबा परत दिला आणि म्हणाले, "करंज्या छान झाल्या होत्या."

त्याच वर्षी आम्ही दोघींनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली होती. त्यातल्या सोवळ्याओवळ्याच्या गोष्टी एकमेकींना वाचून दाखवून पोट दुखेपर्यंत हसलो होतो. मला तेव्हाही सुचलं नाही की आपण कुणाला हसतोय.

ट्रायल बॅलन्स जुळला नाही की फरकाची रक्कम सस्पेन्स अकाउंटला टाकून पुढे जायचं, हे आम्हाला सरांनी शिकवलं होतं. चूक सापडली की ते खातं बंद करायचं, हेही शिकवलं होतं. मी पहिलं तेवढं लक्षात ठेवलं.

त्या पहाटे मी गॅस बंद केला आणि सगळं सांगितलं. आजी, मागचं दार, साखर, माझी थाप.

ती म्हणाली, "मला माहीत आहे. माझी अकाउंट्सची वही तुमच्या पडवीत राहिली होती. ती घ्यायला परत आले होते. बोळातून येताना मागचं दार दिसलं. मग वही न घेताच गेले. ती तूच दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर आणून दिलीस."

मला काय बोलावं कळेना. ती पारी लाटत राहिली.

"आईनं शेजारच्या लिंगायत काकूंची कढई मागून आणली होती. आमच्या कढईला अंडं, मासे लागलेले, जैनांकडे चालणार नाही म्हणून. नवं तूप घेतलं होतं. घरी गेल्यावर विचारायला लागली, आवडल्या का गं? मी म्हटलं, सगळ्यांना आवडल्या. पुढच्या वर्षी परत करायला निघाली, तर म्हटलं, त्यांचा उपवास असतो. त्या साखरेचा आठवडाभर चहा झाला आमच्याकडे."

मी म्हटलं, "मला क्षमा कर."

"दरवर्षी मागतेस की. दशलक्षण संपलं की तुझा मेसेज येतो, हात जोडलेला. जाणता अजाणता काही चुकलं असेल तर, असा." इथे तिचा आवाज जरा कडक झाला. "मी दरवर्षी पूर्ण वाचते. म्हणते यंदा तरी करंज्यांचं लिहिलं असेल."

मैत्रिणींनो, क्षमावाणीचा तो मेसेज मी दरवर्षी दोनशे जणांना पाठवते. एकदा लिहायचा आणि यादीला टाकायचा. अकाउंट्स शिकलेल्या बाईला हे कळायला हवं होतं, की "किरकोळ" म्हणून एकच नोंद टाकली तर कुणाचंच खातं मिटत नाही. ज्याचं देणं त्याच्या नावावर रक्कम लिहावी लागते. तिची आई जाऊनही आता वीस वर्षं झाली. ती नोंद आता कशी करायची, मला माहीत नाही.

त्या दिवशी आम्ही फारसं बोललो नाही. करंज्या मात्र चाळीस झाल्या. रात्री टीव्हीवर मेणबत्त्यांच्या उजेडात गाण्यांचा कार्यक्रम लागला. १९३८ पासून मेलबर्नमध्ये तो नाताळच्या आदल्या संध्याकाळी होतो आणि त्याचा पैसा अंध मुलांसाठी जातो. साडेआठला तो सुरू झाला तेव्हा बाहेर अजून उजेड होता, लोक मेणबत्त्या हातात घेऊन अंधाराची वाट बघत बसले होते. मैत्रिणीनं सोफ्यावर सरकून मला जागा केली. एवढंच.

पंचवीसला ती सकाळी चर्चला गेली, मीही सोबत गेले आणि मागच्या बाकावर बसून माझा जप केला. दुपारी मुलगा, सून, सुनेचे आईवडील, नातू असे सगळे जमले. सून तिथलीच. टेबलावर एका बाजूला कोळंबी आणि हॅम. मैत्रिणीनं माझं पान खिडकीजवळ वेगळ्या छोट्या टेबलावर मांडलं होतं. तिनं माझा विचार करूनच मांडलं होतं. पण त्या वेगळ्या टेबलाकडे बघून मला आमचं मागचं दार आठवलं. मी माझं ताट उचललं आणि मोठ्या टेबलाच्या फळांच्या टोकाला बसले. फटाक्यासारखी कागदी नळी दोघांनी ओढून फोडायची आणि आतला कागदी मुकुट घालायचा, अशी तिकडे रीत आहे. तोही घातला. ह्यांनी फोटो काढलाय, पण इथे टाकणार नाही!

मला सगळं सहज जमलं असं मात्र म्हणणार नाही. वास येत होता. मन दोनदा उठून जा म्हणालं. मनात मी त्या जिवांसाठी णमोकार म्हटला आणि बसून राहिले. दुसऱ्याच्या ताटातल्या हिंसेला माझं अनुमोदन नाही, आणि दुसऱ्याच्या टेबलाला पाठ फिरवणं म्हणजे अहिंसा नाही, एवढंच मला त्या वेळी समजत होतं. यावर तुमच्यापैकी काहींचं मत वेगळं असेल, ते मला मान्य आहे. माझं ताट शेवटपर्यंत माझंच होतं.

सुनेनं माझ्यासाठी पावलोवा केला होता. तो तिथला नाताळचा मानाचा गोड पदार्थ, अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. हिनं अंड्याऐवजी काबुली चण्यांचं शिजवलेलं पाणी साखर घालून फेटलं होतं, आणि ते खरंच तसंच पांढरंशुभ्र फुगलं होतं. वर क्रीम घालणार तेवढ्यात मी थांबवलं. चणे म्हणजे द्विदल, त्यावर कच्च्या दुधाचं काही चालत नाही! हे तिला इंग्रजीत समजावताना माझी कोण तारांबळ. तिनं शांतपणे ऐकलं, फोनमध्ये लिहून घेतलं आणि माझ्या तुकड्यावर नुसते आंबे आणि चेरी घातल्या. ज्या घरात मी पहिल्यांदाच आले होते तिथली परक्या देशातली मुलगी माझा नियम लिहून घेत होती. आम्ही मात्र तो डबा उघडून बघितलाही नव्हता.

पाचच्या सुमारास दक्षिणेचा वारा आला. अर्ध्या तासात पंधराएक अंशांनी हवा उतरली. सगळ्या खिडक्या उघडल्या. नातू करंजी खात अंगणात पळाला.

चोवीसला दळलेलं पीठ, त्यामुळे करंज्यांनाही मी पाच दिवसच धरले होते, म्हणजे अठ्ठावीसपर्यंत. ह्यांनी मैदानावर डबा भरून नेला, शेजारी दिल्या, घरघंटीवाल्या बाईंना दिल्या. त्यांचा डबा परत आला तेव्हा त्यात सुके अंजीर होते. अठ्ठावीसला संध्याकाळी डब्यात दोनच उरल्या. आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो. साडेसात वाजले होते, ऊन अजून कुंपणावर होतं. तिनं एक मला दिली.

मी खाल्ली. ती बघत होती.

"कशी झालीय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "गोड जरा जास्त आहे. आणि कडेला मुरड नीट नाही, फुटलीय."

ती इतकी हसली की मिस्टर आतून बघायला आले. म्हणाली, "आईच्याही फुटायच्या."

आता भाद्रपदात क्षमावाणी येईल. यंदा दोनशे जणांची यादी करणार नाही. वहीत अकरा नावं लिहून काढली आहेत, आणि प्रत्येक नावापुढे काय चुकलं ते. त्यातली तीन माणसं आता नाहीत. उरलेल्या आठ जणांना फोन करणार आहे. दोन फोन अवघड जाणार आहेत.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.