कप किती वाजता पडला?

पक्षाघाताचा पेशंट आला की मी नातेवाइकांना पहिला प्रश्न विचारतो तो बीपीचा नसतो, शुगरचाही नसतो. "शेवटचे ठणठणीत कधी होते?" एवढंच विचारतो. बहुतेक जण सांगतात, "सकाळी सहाला लक्षात आलं." लक्षात आल्याची वेळ मला नको असते. पेशंट रात्री साडेदहाला नीट बोलून झोपला आणि सकाळी तोंड वाकडं दिसलं, तर आमचं घड्याळ साडेदहापासून सुरू होतं.

हा प्रश्न मी एम.डी. करताना शिकलो, पण त्याची किंमत कळली २००९ साली, स्वतःच्या घरी.

माझे वडील, अण्णा, निवृत्त शिक्षक. माझ्यापासून दोन तासांवर, गावी राहायचे. त्या दिवशी साडेसहाला चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातून कप पडला. आईने काय झालं विचारलं, तर नुसतं तोंड हललं. हात अवघडला असेल म्हणून तिने त्यांना झोपवलं, तेल चोळलं. शेजारी म्हणाले, अंगावरून वारं गेलंय, मालिशवाल्याला बोलावू. मला फोन आला साडेदहाला. "तू ओपीडीत असशील म्हणून थांबले," आई म्हणाली. पंधरा दिवसांपूर्वी मीच तिच्यावर ओरडलो होतो, बारीकसारीक गोष्टींसाठी ओपीडीच्या वेळेत फोन करू नकोस म्हणून.

सीटी स्कॅन झाला तेव्हा दीड वाजला होता. म्हणजे सात तास.

आता हे तास एवढे महत्त्वाचे का, ते समजून घ्या. बहुतेक पक्षाघातांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. मधला भाग लगेच मरतो, पण त्याच्या भोवतीचा भाग काही वेळ उपाशी तग धरून असतो. तो वाचवायचा असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी ओढून काढता येते. सहा तासांपर्यंत, आणि स्कॅनवर निवडलेल्या पेशंटांत चोवीस तासांपर्यंतही. या उपचाराचे भक्कम पुरावे २०१५ मध्ये आले. झोपेत झटका आला असेल तरी हल्ली एमआरआय पाहून काहींना इंजेक्शन देता येतं. त्यामुळे "उशीर झालाच आहे, आता उद्या नेऊ" असं कधीही करू नका.

काही पेशंटांत मात्र वाहिनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक सीटी स्कॅनच सांगतो. म्हणून घरी ॲस्पिरिन देऊ नका. जिभेखाली बीपीची गोळी तर अजिबात नको. गुठळी असेल तर वाढलेलं बीपीच त्या उपाशी भागाला थोडंफार रक्त पुरवत असतं, ते एकदम पाडलं की नुकसान वाढतं. पाणीही पाजू नका. गिळण्याची ताकद गेलेली असली तर ते फुप्फुसात जातं. हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. काही बिघडलेलं दिसलं तर वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा, आणि चोवीस तास सीटी स्कॅन व हे इंजेक्शन जिथे मिळतं तिथेच न्या. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरीही त्याच दिवशी न्या.

अण्णांचा पाय सुधारला. फिजिओथेरपीने तीन महिन्यांत काठी घेऊन चालू लागले. हात फारसा नाही. उठवताना आम्ही तोच लुळा हात धरून ओढायचो, त्याने खांदा दुखावला. ही चूक डॉक्टरच्या घरातही झाली. खरं नुकसान भाषेचं होतं. कुठल्याही गोष्टीला ते एकच शब्द म्हणायचे, "खडू". पाणी हवं, खडू. आईला हाक, खडू. नातेवाईक हळूच विचारायचे, डोक्यावर परिणाम झालाय का? नव्हता. समोरचं बरंचसं त्यांना समजत होतं, फक्त शब्द सापडत नव्हता. लोक मोठ्याने बोलायचे, जणू ऐकू येत नाही. अशा माणसाशी हळू, छोट्या वाक्यांत बोला आणि उत्तरासाठी थांबा. आपण थांबत नाही. बातम्या बघतानाही ते रडायचे. पक्षाघातानंतर नैराश्य येतं, त्याला औषध असतं, हे मी, त्यांचा मुलगा, चार महिने उशिरा ओळखलं.

त्या वर्षी गणपतीत मात्र अण्णांनी अख्खी आरती म्हटली, एकही शब्द न अडखळता. आई बघतच राहिली. पाठ असलेली आरती, एक ते दहा आकडे, शिव्यासुद्धा, अशी सवयीची भाषा बऱ्याचदा शाबूत राहते. तिच्यात मेंदूच्या उजव्या भागाचाही वाटा असतो. आमच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी पुढे तोच धागा धरला.

आरती संपल्यावर मी विचारलं, "अण्णा, मोदक देऊ?"

"खडू," ते म्हणाले. मी दिला.