हाथरसचे काका

१४ सप्टेंबर
संगीत विशारद परीक्षेच्या मुलींची आज थाटांची उजळणी घेतली. एकीच्या हातात ‘संगीत विशारद’ होतं, लेखक ‘वसंत’. हे वसंत म्हणजेच काका हाथरसी, मूळ नाव प्रभुलाल गर्ग, हे तिला ठाऊक नव्हतं. कविसंमेलनं गाजवणारे हास्यकवी काका सगळ्यांना माहीत आहेत. संगीताचं मासिक काढून ते टिकवणारे काका मात्र मागे पडले, याचं मला वाईट वाटतं.

१६ सप्टेंबर
ग्रंथालयात काकांच्या ‘संगीत’ मासिकाचे जुने बांधीव अंक चाळले. गर्ग यांनी १९३२ साली हाथरसला प्रकाशनसंस्था काढली. तीच पुढे ‘संगीत कार्यालय’ म्हणून नावारूपाला आली. १९३५ पासून हे मासिक निघू लागलं. हाथरस म्हणजे हिंगाच्या व्यापाराचं गाव. तिथून संगीताचं मासिक चालवायला छाती हवी.

एका बंदिशीच्या स्वरलिपीच्या पानावर बराच वेळ रेंगाळले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मंद्र स्वराला खाली टिंब, तार स्वराला वर. मींडेला कमान, समेला फुली, खालीला शून्य. खिळे जुळवून छापायचे ते दिवस. गंधाराखालची एक रेघ निसटली, तर काफीचा खमाज व्हायचा! एवढ्या बारकाईचं काम महिन्यामागून महिने करून घेणं ही प्रकाशकाची साधनाच.

१८ सप्टेंबर
काकांचा जन्म १९०६ चा, निधन १९९५ चं. दोन्ही आजच्याच तारखेला. पद्मश्री मिळाली १९८५ साली. चिरंजीव लक्ष्मीनारायण गर्ग यांनी ‘संगीत’चं संपादन पुढे नेलं.

१९ सप्टेंबर
आज संगीताचे अभ्यासक पंडित भातखंडे यांची पुण्यतिथी. १९३६ साली ते गेले. उस्तादांनी कुलपात ठेवलेल्या चिजा त्यांनी मिनतवारीने मिळवल्या आणि मराठीत ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सहा भागांत सिद्ध केली. ती हिंदीत छापली हाथरसच्या ‘संगीत कार्यालया’ने. म्हणूनच दूरच्या गावातल्या, गुरू न लाभलेल्या शिक्षकाच्याही हाती ती पडू शकली. मुंबईतल्या पंडिताचं हे धन गर्ग यांनी उत्तरेत पोचवलं. संगीताच्या इतिहासात गायक-वादकांच्या पंगतीत या प्रकाशकाचं पान मांडलंच पाहिजे.

कुणाच्या माळ्यावर ‘संगीत’चे जुने अंक असतील, तर कृपा करून रद्दीत घालू नका. जवळच्या संगीत विद्यालयाला द्या.