डायच्या तोंडाशी

भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, एवढी धडधड सोसणारा, पत्रा दाबणारा पंचच आधी संपत असणार. पण पंचाच्या सपाट तळाला फारसं काही होत नाही. तिथे पत्रा नुसता दाबला जातो, सरकत नाही. खरी झीज होते ती पंच ज्याच्या पोकळीत पत्रा ढकलतो त्या डायच्या तोंडाशी, तिथल्या गोलवलेल्या काठावर. सपाट चकतीची उभी भिंत होताना तिचा सगळा घेर त्या काठावरूनच आत घसरतो.

मला या काठाचं कौतुक वाटतं. डी-टू नावाचं पोलाद ते: दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम, भट्टीतून काढून नुसत्या हवेत निववलं तरी साठ रॉकवेलच्या घरात कडक होणारं. आणि ते हार खातं कुणाकडून, तर त्याच्या निम्म्यानेही कठीण नसलेल्या, आपल्या वाटी-पातेल्याच्या स्टेनलेस पत्र्याकडून.

हरण्याची तऱ्हाही उफराटी. काठ इथे आधी कमी होत नाही, वाढतो. स्टेनलेसच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. त्याच्यामुळेच ते गंजत नाही. ओढताना तो थर फाटला की खालचा उघडा धातू डायला बिलगतो. एक कण तिथेच राहतो, त्यावर दुसरा बसतो. दाबला-ताणला गेलेला हा धातू मूळ पत्र्याहून कडक झालेला असतो, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक वाटीवर उभी रेघ ओढतो.

मुरलेला फिटर डाय उघडण्याआधी वाटीवरून नख फिरवतो. रेघ कुठे नि किती खोल, यावरून काठावर नेमकं कुठे बघायचं ते त्याला कळतं. मग ऑइल स्टोन, मग बारीक पॉलिश पेपर. आणि हात चालवायचा तो पत्रा सरकतो त्याच दिशेने. आडवं घासलं तर आरशासारखी चमक येते खरी, पण पत्रा पुन्हा लवकर चिकटू लागतो. नव्या पोराला हे पटायला वेळ लागतो. चमक दिसली की काम झालं, असं त्याला वाटतं.

उपाय पुष्कळ आहेत. टायटॅनियम नायट्राइडचा दोन-चार मायक्रॉनचा सोनेरी मुलामा, दाट वंगण, पत्र्यावर प्लॅस्टिकची फिल्म. माझी पसंती जुन्या तोडग्याला: काठाशी पोलादाऐवजी ॲल्युमिनियम ब्राँझची रिंग. ब्राँझ पोलादाहून मऊ, तरी स्टेनलेस त्याला सहसा चिकटत नाही. रिंग झिजते, माप हळूहळू सैल होतं, मग ती बदलावी लागते. वाट्या मात्र बिनरेघेच्या निघतात.

तरी मालकाला ब्राँझ महाग वाटतं, कारण त्याचं बिल समोर येतं. रेघाळलेली वाटी कुणी फेकत नाही; ती बफिंगला जाते, आणि तिथला माणूस काळ्या धुळीत दिवसभर उभा राहून डायवरच्या एका कणाने ओढलेल्या रेघा पुसत असतो.