काळ्या जमिनीचा कर्ब: शिवाजीनगर ते माळेगाव

पुण्याच्या पूर्वेकडची काळी जमीन बेसाल्ट खडक झिजून तयार झाली आहे. तिच्यातली चिकणमाती उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून भेगा बुजतात. चुना भरपूर, पालाशही बरा, सामू आठच्या आसपास. उणीव असते ती सेंद्रिय कर्बाची. माती उष्ण आणि वारंवार नांगरलेली असेल तर जिवाणू कुजलेला पालापाचोळा झपाट्याने संपवतात. नवी भर पडली नाही, तर ढेकळे घट्ट होतात, पाणी मुरत नाही आणि खताची मात्रा वाढवूनही पीक दाद देत नाही. पुनरुत्पादक शेती या नावाखाली आज जे सांगितले जाते, त्याचा गाभा ही भर घालण्यातच आहे. माती उघडी ठेवू नये, कमीत कमी उलथावी, तिच्यात कुठले ना कुठले जिवंत मूळ असावे आणि शेताबाहेर गेलेले काही अंशी तरी शेतात परत यावे.

ही भर कुठे पडते आणि कुठे गळते ते पाहत पुणे ते माळेगाव प्रवास केला. त्याची सुरुवात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयापासून केली, कारण इथल्या मातीचा शास्त्रीय अभ्यास मोठ्या प्रमाणात तिथूनच झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी हॅरोल्ड मॅन तिथे प्राचार्य होते. पिंपळे सौदागर या गावाचा त्यांचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध झाला. त्या गावाच्या शिवारात आता उंच इमारती आहेत. मातीचा नमुना घेण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घ्यायचे, वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ बाबी असतात. शेतकरी त्यातले नत्र, स्फुरद, पालाश पाहतो आणि खताच्या दुकानाकडे वळतो. कर्बाचा रकाना वाचायला कोणी थांबत नाही, कारण त्याची भरपाई कोणत्याच गोणीत मिळत नाही.

हडपसरच्या दिशेने शहर संपता संपत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याची नगरपालिका मैल्याचे सोनखत बनवून विकत असे आणि कालव्यावरचे ऊस बागायतदार ते घेत. शहराने खाल्लेले शेताकडे परत जाण्याची ती वाट होती. आज मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे वापरलेले पाणी कालव्यात जाते, पण कचरा दीर्घकाळ उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत ढीग होऊन पडला. ओला कचरा वेगळा न ठेवल्याने जे खत झाले असते, तेच तिथल्या विहिरींचे पाणी नासवणारे झाले. शहराच्या कडेला वीटभट्ट्या दिसतात. त्यांना लागते ती माती वरच्या थरातली, म्हणजे नेमकी सुपीक. तिचा हिशेब कुठल्याही पत्रिकेत नसतो.

मांजरीला थांबायला दोन कारणे आहेत. पहिले जोतीराव फुले. त्यांची स्वतःची शेती मांजरीला होती, त्यामुळे १८८३ साली लिहून पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधल्या सूचना बांधावरून आलेल्या आहेत. पावसाने धुपून जाणारे पालापाचोळ्याचे सत्त्व शेतातच अडावे म्हणून सरकारने तालीवजा बंधारे घालावेत आणि ओढ्या-तलावांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीसारखा फुकट नेऊ द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ साली सुरू झाली, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांनी. गाळ घालताना एक पथ्य पाळावे लागते. मुरमाड, हलक्या रानाला तो मानवतो. आधीच भारी असलेल्या काळ्या जमिनीत तो टाकला तर निचरा आणखी बिघडतो. गाळ फुकट मिळाला म्हणून ट्रॉल्या ओतणारे हे विसरतात.

दुसरे कारण उसावर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. उसाचा पट्टा इथून सुरू होतो आणि कर्बाची सर्वांत मोठी उधळपट्टीही उसातच होते. तोडणीनंतर हेक्टरी आठ-दहा टन पाचट रानात उरते. बहुतेकदा त्याला काडी लावली जाते. रान लवकर मोकळे होते, खोडवा एकसारखा फुटेल असे वाटते आणि पाचट आवरायला मजूर मिळत नाहीत. जळताना कर्ब आणि बहुतेक नत्र धुरातून निघून जाते. पाचट ठेवण्याची शिफारस सोपी आहे. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत पसरायचे, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यायचे. युरिया पिकासाठी नसतो. पाचटात कर्ब फार आणि नत्र नावाला असते, म्हणून ते कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. वरून दिलेल्या नत्राने ही ओढाताण टळते. हे न सांगता नुसते “पाचट जाळू नका” म्हणणाऱ्यांमुळे कितीतरी शेतकरी एका हंगामात पुन्हा काडीपेटीकडे वळले असावेत. आच्छादनाने पाण्याची एखादी पाळी वाचते आणि तणही दबते, हा फायदा मात्र पहिल्याच वर्षी दिसतो.

उरुळी कांचनला १९४६ साली गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि त्यांचे सहकारी मणिभाई देसाई तिथेच राहिले. आश्रमाची शेती आणि गोशाळा यांतून १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था उभी राहिली. तिची ओळख संकरित गाईंमुळे आहे, पण मातीच्या दृष्टीने गोठा दुधाइतकाच शेणासाठी महत्त्वाचा. गोठ्यात बांधलेल्या जनावराचे शेण आणि मूत्र दोन्ही गोळा होतात, गोबरगॅसची स्लरी थेट सरीत सोडता येते. बैल गेले तसे उकिरडेही आटले. आता शेणखताची ट्रॉली विकत घ्यावी लागते, आणि ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांना तिचा भाव ऐकूनच ताग किंवा धैंचा पेरावासा वाटतो. फुलोऱ्यावर येताच, दीड महिन्याच्या सुमारास, तो गाडला तर नत्रही मिळते; उशीर झाला तर काड्या चिवट होतात.

पाटसहून बारामतीचा रस्ता रोटी घाट चढतो. तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. घाटमाथ्यावर कालवा नाही, जमीन उथळ, ज्वारी-बाजरीची. इथे शेताला मेंढ्यांचा आधार असतो. पीक निघाले की धनगरांचा कळप रात्री रानात बसवतात आणि दुसऱ्या रात्री जागा बदलतात. लेंड्या आणि मूत्र जागच्या जागी पडते, खुरांनी मातीत मिसळते, वाहतुकीचा खर्च शून्य. त्याबदल्यात धान्य किंवा पैसे ठरतात. परदेशी पुस्तकांत गुरांच्या फिरत्या चराईवर प्रकरणे लिहिली जातात. या माळांवर तो व्यवहार बांधावर उभ्या उभ्या ठरतो. बागायतीकडे मात्र तो कमी झाला, कारण उसात कळप बसवायला मोकळे रान उरत नाही.

बारामतीजवळ नीरा डावा कालवा भेटतो. तो १८८५च्या सुमारास सुरू झाला आणि पंचवीस वर्षांत सखल जमिनी खारवू लागल्या होत्या. मॅन आणि तम्हाणे यांची नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरची पुस्तिका १९१० सालची आहे. जादा पाणी काळ्या मातीतून खाली उतरते, मुरमावर साठते, पाण्याची पातळी मुळांपर्यंत चढते, पाणी उडून जाते आणि क्षार वर राहतात. सोडियम वाढले की जमीन चोपण होते: ओली असताना चिकट, वाळली की दगड. अशा जमिनीला नुसते शेणखत पुरत नाही. आधी चर किंवा सच्छिद्र पाइप घालून निचरा, मग मातीपरीक्षणानुसार जिप्सम, नंतर धैंचा, जो क्षारांतही तग धरतो. हा क्रम उलटा केला तर पैसे वाया जातात. मूळ दुखणे मोकाट पाण्याचे आहे, म्हणून ठिबक हाही मातीसुधाराचाच भाग.

माळेगाव खुर्दला २००९ साली स्थापन झालेली अजैविक ताण व्यवस्थापन राष्ट्रीय संस्था खडकाळ माळावर उभी आहे. खडक फोडून, भर घालून तिथे प्रयोगाची शेते करावी लागली. वाटेवर मांजरीपासून अडलेल्या पाचटाच्या प्रश्नावर या संस्थेने सॉर्फ नावाचे अवजार काढले आहे. ट्रॅक्टरमागे जोडलेले हे यंत्र एका फेरीत बुडखे छाटते, वरंब्याच्या बगला फोडते, जुनी मुळे तोडते आणि पाचट तसेच ठेवून खत मातीत पेरते. जाळण्याची तिन्ही कारणे त्याने बोथट होतात. अडचण ट्रॅक्टरच्या ताकदीची आणि दीड-दोन एकरांच्या तुकड्यांची आहे. एकट्या शेतकऱ्याला ते परवडत नाही, त्यामुळे कारखाना किंवा गटाने भाड्याने पुरवले तरच ते तोडणीच्या टोळीपाठोपाठ, पाचट वाळून पेट घेण्याआधी, रानात पोचू शकते.